‘त्रास काहीच नाही’ म्हणणारी माणसं

कोर्टाच्या पायऱ्या चढताना माझ्या डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मला ते कळलंच नाही. मी तशीच वर गेले, व्हरांडा ओलांडला, बार रूमच्या दारापर्यंत पोचले. मागून माझी पक्षकार शबाना धावत आली, तिच्या हातात माझी चप्पल.

"मॅडम, अशा अनवानी कुठं चालल्या?"

वकिलाचं लक्ष केसमध्ये असतं, पायात नसतं, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण चप्पल घालायला गेले तर पाऊल आत शिरलं की नाही हे मला वाकून बघावं लागलं.

गुलेन-बॅरी नावाच्या, नसांवर घाला घालून अंग लुळं पाडणाऱ्या आजाराची आणि माझी ओळख अशी झाली. आता मी उठून बसते, वॉकर धरून चालते, चहाचा कप स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत नेते. म्हणून हे लिहायला घेतलं. जो खाटेवर पडलाय त्याच्यासाठी लिहितेय, आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "माझं काय, मी ठणठणीत आहे" असं सांगणाऱ्यासाठीही. त्या दुसऱ्यासाठी जरा जास्तच. औषधांचं काय ते तुमचे डॉक्टर सांगतील.

*

मी यवतमाळच्या कोर्टात अपघातांच्या केसेस चालवते. कोणाला ट्रकने उडवलेलं, कोणी ट्रॅक्टरखाली सापडलेलं, कोणाचा यंत्रात हात गेलेला. माझं माहेर आर्णीचं. मी शाळेत होते तेव्हा बाबांचा उजवा हात कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात गेला. चार दिवसांनी मालकाचा माणूस घरी आला, काय हवं-नको ते विचारायला. आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "आमची काही तक्रार नाही भाऊ. मी हाय ना त्याइचं कराले."

आणि तिने केलं. शर्टाची बटणं, पायजम्याची नाडी, दाढी, सगळं. बाबा गेले तोवर केलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मालकाच्या माणसाला त्या एका वाक्याने रान मोकळं मिळालं, तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. आई गेली तरी तिच्या त्या वाक्याशी माझं भांडण चालूच आहे. काळा कोट मी त्यासाठीच घातला म्हटलं तरी चालेल.

या कामात समोरच्या वकिलाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती आपल्याच माणसांच्या प्रेमाची. आमच्याकडची माणसं जखमी माणसाला कोर्टात आणतात ती लग्नाला न्यावं तशी. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचे कपडे, डोक्याला तेल. "साहेबांपुढं जायचं हाय, असं कसं नेऊ?" आणि विमा कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "यांचं करताना तुम्हाला फार त्रास होत असेल ना?" की पिंजऱ्यातली आई किंवा बायको अभिमानाने मान वर करते. "नाही साहेब. आपल्या मानसाचं कराले त्रास कायचा?" झालं. नोकर ठेवलेला नाही, पावती नाही आणि घरचे म्हणतात त्रासही नाही. मग सांभाळण्याची भरपाई कसली मागता?

शबानाची केस याच वळणावर आली होती. तिचा नवरा रफिक आर्णीला वेल्डिंगचं काम करायचा. दारव्हा रोडवर मागून ट्रकने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली आणि कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. शबाना ब्लाऊज शिवायची, लग्नसराईत तिच्या दारात बायकांची रांग असायची. आता मशीनवर चादर टाकलेली. तिची उलटतपासणी तेवढी राहिली होती. ती जर "त्रास काहीच नाही" म्हणाली तर तिचे पुढचे सगळे दिवस फुकटात जमा होणार होते. त्या चपलेच्या दिवशी तिचीच तारीख होती. न्यायाधीश रजेवर निघाले म्हणून तारीख पुढे गेली, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. मला उभं राहवत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात खाली बसले ती उठलेच नाही.

माझा नवरा विलास. मी त्याला कॉलेजपासून नावाने हाक मारते. सासूबाईंनी काही वर्षं ते मनाला लावून घेतलं, मग सोडून दिलं. त्याचं शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून ती चालू करून दाखवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे बिघडलेली कोणतीही गोष्ट दुरुस्त होतेच असं त्याला वाटतं. त्याने मला उचललं आणि म्हणाला, "विकनेस असन. सलाईन लावली का झालं."

डॉक्टरांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही हलला नाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि विलासकडे बघून म्हणाले, "नागपूरला न्या. आत्ताच." मी तिथेच पडले होते, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. आडवा झालेला माणूस ऐकू शकतो हे लोक किती पटकन विसरतात.

कळंब गेलं, वर्धा गेलं. अँब्युलन्सच्या काचेतून फक्त विजेचे खांब दिसत होते. विलासने माझा हात धरला होता आणि मला तो स्पर्श मनगटापासून वरच जाणवत होता. तेव्हा मी घाबरले. मरणाला नाही, तशी मी चिवट आहे. माझ्या सगळ्या पक्षकारांचे चेहरे समोर आले आणि वाटलं, आता आपण टेबलाच्या त्या बाजूला गेलो.

*

नागपूरच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर रोज येऊन सांगायचे, "एका दमात जितके आकडे म्हणता येतील तितके म्हणा." श्वासाचे स्नायू किती टिकलेत ते बघायला. एरवी मला गप्प बसवायला न्यायाधीशांना टेबल वाजवावं लागतं. आणि तिथे माझे आकडे रोज आधीच संपायचे. श्वासाचं यंत्र माझ्या खाटेशेजारी तयार ठेवलं होतं. मी त्याच्याकडे बघायचे नाही. मनातल्या मनात त्याला बजावायचे, तुझी तारीख लागणार नाही.

लागली नाही. औषधं लागू पडली, आकडे परत वाढायला लागले.

पण अंग आपलं नव्हतं. दोन बायका येऊन कूस बदलायच्या, पुसून काढायच्या, डायपर बदलायच्या. लाज पहिल्या दोन-तीन वेळा वाटते, मग तिचाही कंटाळा येतो. एकदा माझ्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. हात उचलेना. आवाज बारीक झालेला, तोंडावर मास्क. मी इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी रडले की मलाच नवल वाटलं. फरशी पुसणाऱ्या मावशीने बघितलं. "नाक खाजून राह्यलं का बाई?" फडकं ठेवून तिने हात धुतले आणि बोटाने माझं नाक खाजवलं, अगदी हवं तिथे. त्या सुखाची बरोबरी करील असं काही मला अजून सापडलं नाही.

विलास सगळा वेळ बाहेरच्या बाकावर. भेटायला येणारा प्रत्येक जण मला बघून झालं की त्याला विचारायचा, "तुझं काय? खूप धावपळ होत असेल." आणि काचेपलीकडून मला त्याचं उत्तर ओठांवरून वाचता यायचं. नाही, नाही, त्रास काहीच नाही.

*

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दवाखान्यात तुमचं करायला पाळीपाळीने बदलणाऱ्या बायका असतात. घरी एकच माणूस.

विलास मला उठवायचा, बसवायचा, संडासात न्यायचा, भरवायचा. माझी वेणीसुद्धा घालायचा, आणि ती मोटारीत तार भरावी तशी इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. सासूबाई त्यावरून खळखळून हसायच्या. त्या घरात हसू आलं ते त्या वेणीमुळे. पण दुकान उघडत नव्हतं. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, तो बाहेर अंगणात जाऊन बोलायचा. त्याच्या शर्टाला मलमाचा वास यायला लागला. मला उचलताना तो क्षणभर श्वास रोखून धरतो हे माझ्या लक्षात आलं. माझा कान त्याच्या छातीजवळ असायचा, मला कळणार नाही तर कोणाला?

"पाठ दुखते का रे तुझी?"

"नाई तं."

"मग मलम कोणाला लावतोस?"

"तसंच. सवय हाय."

"दिवसभरासाठी एक बाई ठेवू या."

"काहून? मी मेलो काय?"

"मी विचारतेय त्याचं उत्तर दे. दुखते की नाही?"

"वर्षा, घरात कोर्ट लावू नको. मले त्रास काहीच नाई."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आपल्या मानसाचं कराले बाहेरची बाई ठेवतेत काय? लोक काय म्हनतीन?"

त्यानंतर मी एक उद्योग केला. दुपारचं पाणी पिणं बंद केलं. पाणी कमी तर संडासाच्या खेपा कमी, खेपा कमी तर त्याचं उचलणं कमी, असा माझा हिशोब. तहान लागली तरी गप्प. परिणाम व्हायचा तो झाला, लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, पाणी पीत नाही का? मी विलासकडे बघितलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

तापात पडल्या पडल्या मला एवढं स्पष्ट दिसलं की तो मला वाचवण्यासाठी खोटं बोलत होता आणि मी त्याला वाचवण्यासाठी उपाशी नाही तर तहानलेली राहत होते. दोघांचं प्रेम खरं आणि दोघंही एका खोलीत एकटे. पडलेल्या माणसाला सगळं कळत असतं हो. त्याच्यापासून लपवलेली दमणूक त्याच्याच उशाशी येऊन बसते. मला आईची आठवण झाली आणि पहिल्यांदा बाबांची कीव आली. त्यांनी किती वेळा काय काय मागितलंच नसेल.

*

माझ्या सहकाऱ्याने शबानाच्या केसमध्ये दोनदा मुदत मागून घेतली होती. समोरच्या वकिलांनी माणुसकीने हरकत घेतली नाही. तिसऱ्यांदा कोर्टाने सांगितलं, आता शेवटची.

"दुसऱ्याले दे ना केस," विलास म्हणाला.

"नाही देणार."

"तुले उभं राहता येत नाही."

"शिकेन."

त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या ताईंना मी सांगितलं, मला धावायचं नाही, पण गाडीतून उतरून कोर्टाच्या खोलीपर्यंत जायचंय. तेवढं चालवा. पहिले दिवस वॉकर धरला की पाय लटलट कापायचे, घामाने गाऊन चिंब. सासूबाई देवाचं नाव घ्यायच्या आणि मी दाव्याचे मुद्दे म्हणायचे. रडले, चिडले, वॉकरला शिव्या घातल्या. पण चालले.

शबानाला फोन केला. साक्षीदाराला उत्तरं पढवायची नसतात आणि मी पढवत नाही. एवढंच म्हणाले, "खरं सांगायचं. जे आहे ते."

ती म्हणाली, "मॅडम, ते समोरच बसून राहते. त्याइच्यासमोर कसं सांगू? त्याइले वाटन, हिले आपलं ओझं झालं."

मी तिला माझ्या पाण्याची गोष्ट सांगितली.

*

तारखेच्या दिवशी विलासने मला गाडीतून उतरवलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. रफिक चाकाच्या खुर्चीत. अर्थातच पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, अत्तर.

समोरचे वकील वयस्कर, सभ्य. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि हळूच मुद्द्यावर आले. "पतीची सेवा करण्यासाठी तुम्ही कोणी माणूस ठेवला आहे का?"

"नाही साहेब."

"तुम्हीच करता?"

"हो."

"आणि ते करताना तुम्हाला काही त्रास नाही?"

शबानाने रफिककडे बघितलं. डोक्यावरची ओढणी सारखी केली. "त्रास काहीच नाही साहेब."

वकील खाली बसले. माझ्या हातातली पेन्सिल घसरली, बोटं अजून तेवढी शहाणी झाली नव्हती. फेरतपासणीची, म्हणजे माझ्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायची, परवानगी मागितली. न्यायाधीशांनी मला बसूनच विचारायला सांगितलं. मी म्हणाले, "आज उभी राहते सर," आणि राहिले.

त्रास हा शब्दच मी तोंडात घेतला नाही. "शबाना, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता, ते सांगा."

समोरून हरकत आली. न्यायाधीश म्हणाले, उलटतपासणीत विषय निघालाय, विचारू द्या. शबानाची नजर मात्र पुन्हा रफिककडे गेली. माझे पाय थरथरायला लागले होते. मी कोर्टाला विनंती केली की साक्षीदाराला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून अर्जदाराला थोडा वेळ बाहेर बसवायची परवानगी द्यावी.

तेव्हा शबाना बोलली. "नको साहेब, राहू द्या त्याइले. घरी तं आमचं बोलनंच होत नाही. इथंच सांगते, त्याइच्यासमोर."

आणि तिने सांगितलं. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणून सलग झोप म्हणजे काय ते ती विसरली. लघवीची नळी बदलायची, मागे जखम झाली तर ती धुवायची. रमजानमध्ये पहाटे सहेरी खायला उठायची वेगळी गरज पडली नाही, जागीच होती. धाकट्या भावाच्या निकाहाला गेली नाही, नवऱ्याला ठेवणार कोणाकडे? सगळ्यांना सांगितलं, मलाच बरं नाही. शिवायला बसली की तो हाक मारतो, आणि हाक मारत नाही तेव्हा जास्त भीती वाटते. "कपडे शिवनं मले आवडत होतं साहेब," ती म्हणाली. "त्याइच्यावर मी नाराज नाही. पन थकते. लय थकते."

टंकलेखकाने शेवटचं वाक्य टिपून घेतलं. समोरच्या वकिलांनी पुढे काही विचारलं नाही.

रफिक मान खाली घालून बसला होता. शबाना पिंजऱ्यातून उतरून त्याच्या खुर्चीपाशी आली तेव्हा त्याने तिचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला. "मालूम था मुझे," म्हणाला, "तू बोलतीच नहीं थी." बाहेर व्हरांड्यात दोघं बोलत बसले. मी सांगितलं तरी निघायचं नाव घेईनात.

निकाल अजून यायचा आहे. साक्ष नोंदली गेली, ती आता कोणी पुसू शकत नाही. मनासारखा आला नाही तर नागपूरला हायकोर्टात जाऊ. तो रस्ता मी आडवी पडून पाहिलाय, यावेळी बसून जाईन.

*

परतताना दत्त चौकाच्या पुढे विलासने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं गाडीतच काही बिघाड झाला.

स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नाहीत. समोर बघत म्हणाला, "मले बी होऊन नाही राह्यलं आता, वर्षा. पाठ गेली माही. सकाळी उठताना भिंत धरा लागते. दुकानाची लय आठवन येते. अन् तू नागपूरले आत होती ना, तवा मी बाहेर… मले वाटलं तू जातं."

पन्नाशीचा माणूस भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागला. दवाखान्यात नाही, अँब्युलन्समध्ये नाही, तो आत्ता रडत होता. मी हात उचलला. खांद्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, पण पोचला.

"बाई ठेवू या उद्यापासून?" मी विचारलं.

"ठेवू."

"अजून सांग."

मग तो सांगत राहिला. बाकावरच्या रात्री, आईला काय काय खोटं सांगितलं ते, माझ्यावर कधी कधी आलेला राग, त्या रागाची वाटलेली लाज. मी मधे एकही प्रश्न विचारला नाही, आणि माझ्यासारख्या बाईला ते सोपं नाही. आजारी पडल्यापासून मी त्याच्यासाठी काही करतेय असं पहिल्यांदाच होत होतं.